तार खालून

मस्तगडातल्या दुकानात बद्रीनाथ मिस्त्रीनं काकासाहेब पाटलांची नवी विलायती सायकल जोडत आणली होती. गियरची तार वरच्या दांडीवरून नेऊन आवळली, तसे काकासाहेब खेकसले, "काढ ती. खालच्या दांडीवरून ने."

"खालून चिखल लागून गंजून जाईल, मालक. वरून बिलकुल सरळ जाते."

"वरून न्हाई पाहिजे म्हणलं ना!"

बद्रीनाथनं तार काढली आणि मनातल्या मनात पाटलांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जन्मभर घोड्यावरून फिरून उभ्या गावाला धाकात ठेवलेला हा माणूस, अन् आता साठीत मिस्त्रीला मिस्त्रीकाम शिकवून राह्यलाय! त्यात गियर तीन. तिसऱ्यात सायकल घोड्याच्याही पुढं पळणार, पण या वयात यांना कुठं पळून जायचंय? त्यानं तार खालून ओढली, कळ दाबून पाहिली. गियर बराबर पडले, याचाच त्याला जास्त राग आला.

काकासाहेबांनी मोकळ्या झालेल्या वरच्या दांडीवरून हात फिरवला आणि ते दाराकडं बघून खाकरले. डोक्यावर पदर घेऊन दारात बसलेल्या पाटलीणबाई उठून आल्या. पिशवीतून त्यांनी घागरीखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ काढली, दांडीवर ठेवली, दाबून पाहिली.

"आता टोचणार न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "पण गावातून जाताना लोक बघतील न्हाई का?"

"त्याच्यासाठीच तर तिसरा गियर घेतलाय," काकासाहेब म्हणाले.