परतीची वायर

भोंगा असा केकाटला, की प्रतिभाबाईंनी कानांवर हात घेतले आणि तरी त्यांना बरं वाटलं. मुलींच्या वसतिगृहाच्या शेवटच्या खोलीत सुदर्शन वायरमनने छताला लावलेल्या, धूर ओळखणाऱ्या डबीखाली डासांच्या कॉइलचा धूर धरला होता आणि ऑफिसातल्या आगीची खबर देणाऱ्या पेटीवर लगेच त्या खोलीचं नाव उमटलं होतं. मग त्याने मधल्या खोलीतली वायर सोडवली आणि पुन्हा धूर धरला. पुन्हा भोंगा. पेटीतून निघालेली वायर सगळ्या खोल्या फिरून पेटीतच परत येते, त्यामुळे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून निरोप पोचतो, असं त्याने बाईंना समजावून सांगितलं. आता त्याला खोडाळ्याची जीप गाठायची घाई होती.

दिवाळीची सुट्टी संपली होती. उद्या सकाळच्या एसटीने पोरी येणार, आणि शेवटची खोली पहिली-दुसरीतल्या चिमण्यांची. त्यातली फागी तर अशी झोपते, की उचलून अंगणात नेली तरी तिला पत्ता लागत नाही. त्या खोलीतून बाहेर पडायची वाट एकच, स्वयंपाकघरासमोरून. बाई अधीक्षिका होत्या, म्हणजे रात्री दाराला कडी लावणारा हात त्यांचा. सुट्टीभर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

व्हरांड्यात येऊन त्यांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारावरून पांढरा पाइप शेवटच्या खोलीकडे गेला होता. एकच. बाई इमारतीला वळसा घालून मागे गेल्या, तर मागची भिंत कोरी.

“सुदर्शन, वायर परत कुठून येते?”

तो हत्यारं पिशवीत भरत होता. हात थांबला नाही, पण मंदावला. त्याच पाइपातून येते, तो म्हणाला, आणि टेस्ट तर तुमच्यासमोर पास झाली.

“तू एक वायर सोडवलीस. स्वयंपाकघर पेटलं तर अख्खा पाइप जळेल, दोन्ही वायरींसकट. पाइप काप.”

त्याने खूप आढेवेढे घेतले. पुन्हा जोडायला वेळ जाईल, जीप चुकेल, उद्या पोरी यायच्यात, झालेलं काम कशाला उकरायचं. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्याने स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर पाइप वायरींसकट कापला.

पेटीवर पिवळा दिवा लागला, बारीक टिकटिक सुरू झाली. शेवटच्या खोलीत आता बाईंनी स्वतः कॉइल धरली. धूर डबीभोवती फिरला, छताला टेकला, खाली उतरून बाईंच्या डोळ्यांत गेला. भोंगा गप्प. त्या तशाच हात वर करून उभ्या राहिल्या. हात भरून आला, तरी गप्प.

“पेटी बिघाड दाखवते ना, मॅडम,” सुदर्शन दारातून म्हणाला. “पिवळा दिवा लागलाय.”

“पिवळ्या दिव्यानं फागी उठेल का?”

मग त्याने एकदाचं सांगून टाकलं. परतीचा पाइप मागून न्यायचा, तर धान्याच्या कोठीची भिंत फोडावी लागते. त्याच भिंतीवर स्वयंपाकीण गोजाबाईने तांदळाचं पीठ सारवून यंदाच्या भाताची आणि नागलीची पहिली कणसं धान्याची देवी कणसरी म्हणून टांगली होती.

“तिथं कणसरी हाय, मॅडम. तिच्या भिंतीला छिन्नी कशी लावू? माझ्या घरात लहान पोरं हायत.”

त्यांच्या समाजाबाहेरचा कुणी असता तर त्याने एका दमात भिंत फोडून पैसे मोजून घेतले असते. बाई शिकल्या, सरकारी नोकरीला लागल्या, तरी नवं धान्य कणसरीला दाखवल्याशिवाय त्यांच्या घरी आजही कुणी घास घेत नाही. फोड म्हणायला त्यांची जीभ उचलेना, आणि राहू दे म्हणायलाही. भगताला विचारून, चांगला दिवस बघून कणसरी हलवू, असं सुदर्शन म्हणत होता. तोवर पोरी इथेच झोपणार होत्या. बाईंना आता सरळ रडू येत होतं.

भोंग्यामुळे हातातलं पातेलं पडलं, म्हणून भांडायला आलेली गोजाबाई कधीपासून सुदर्शनच्या मागे उभी होती. वळली आणि कोठीकडे चालू लागली. दोघं मागोमाग पोचले, तेव्हा तिने कणसं खिळ्यावरून उतरवून पदरात घेतली होती आणि तिचे ओठ हलत होते.

“आजी, भगताला नाय इचारलं,” सुदर्शन घाबरून म्हणाला.

“भगत येल तवा येल,” गोजाबाई म्हणाली. “पोरी उद्या येतात.”

ती बाहेर जाऊन अंगणात बसली, भिंतीकडे पाठ करून. सुदर्शनने रिकाम्या खिळ्याला हात जोडले आणि छिन्नी टेकवली. बाई दारात उभ्या होत्या. हातोडीचा पहिला घाव पडला, तशी गोजाबाईने कणसांवर पदर ओढून घेतला आणि ती त्यांना हळूहळू थोपटू लागली.