बिनफोटोचं कार्ड

"तुम्ही व्हा पुढे," म्हणत म्हातारीने रांगेतल्या तिघांना पुढे सोडलं आणि चार नंबरचं टेबल रिकामं होताच तिथे जाऊन बसली.

कारकुनाने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. खुर्ची तिच्या उजव्या कानाकडे सरकवली. "बोला."

"बिनफोटोचं कार्ड हवंय. आमच्या धर्माला माणसाची प्रतिमा चालत नाही. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, कार्डाशिवाय दवाखाना दारात उभं करत नाही. एक डोळा गेलाच, दुसराही निघालाय."

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. "अहो आजी, एक फोटो तर काढायचा! फोटो काढून कुणी मरत नाही."

"आमच्यात मरतात," म्हातारी म्हणाली.

कारकुनाने नियमांचा कागद पुढे ठेवला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. "कोर्टाने निकाल तुमच्या लोकांच्या बाजूने दिलाय. फोटोची सक्ती नाही. मात्र रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी शपथेवर तुमची ओळख पटवायची. त्याच्याकडे फोटोचं कार्ड हवं."

"म्हणजे पानावर बसवलं आणि ताट ओढून घेतलं! आमच्या रक्ताचं माणूस फोटो कशाला काढेल?"

कारकुनाने विचारलं, "घरी कोण असतं?"

"मी एकटी. मालक दोन वर्षांपूर्वी गेले."

त्याचं पेन थांबलं.

"झोपेतच गेले," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "त्रास नाही झाला."

"मुलंबाळं?" त्याने खाली मान घालून विचारलं.

"एक मुलगा होता. वारला. बारा वर्षं झाली."

"अगं बाई," शेजारच्या बाईंचा आवाज मऊ झाला. "कशाने हो?"

"नोकरीपायी."

म्हातारीने पिशवी उचलली. गुडघ्यावर हात रोवून ती उठू लागली.

"बसा," कारकून म्हणाला.

त्याने कोरा अर्ज ओढला. जन्मतारीख, वडिलांचं नाव, हनुवटीखाली रुमालाने झाकलेला भाजल्याचा डाग, सगळं एका दमात लिहून काढलं. विचारलं काहीच नाही. म्हातारीनेही काही सांगितलं नाही.

शेवटी त्याने गळ्यातलं ओळखपत्र सुलटं केलं, त्यावरचा नंबर 'ओळख पटवणारा' या रकान्यात उतरवला आणि पुढच्या रकान्यात नातं लिहिलं: मुलगा.