निळ्या दोऱ्याची गाठ

“सातवा कॅट. काय आलं?” नानायने विचारलं.

लुमिंगच्या हातातल्या पानावर मनोरा कोसळत होता. वरून वीज, खाली डोक्यावर आपटणारी माणसं.

“सूर्य,” ती म्हणाली.

“पुन्हा सूर्य? यंदा उन्हाळा फारच कडक दिसतोय गं.”

नानाय म्हणजे तिची सासू एपांग. कियापोच्या चर्चसमोर चाळीस वर्षं तिने टॅरोच्या पत्त्यांवर भविष्य सांगितलं. सहा वर्षांपूर्वी डोळे गेले, तेव्हापासून पान लुमिंग ओढी, काय आलं ते सांगी, आणि अर्थ नानाय लावी. दोघी मिळून एक धड बाई होते, असं नानाय म्हणायची.

वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मात्र गिऱ्हाईक घ्यायचं नाही. त्या दिवशी घरचा सगळा संग्रह खाली निघे. प्रत्येक कॅटची पानं मऊ फडक्याने पुसायची, मोजायची, पिसायची, आणि एकच पान ओढून एकच प्रश्न विचारायचा. शुक्रवारी प्रभू क्रुसावर. त्या दिवशी पत्त्यांनी तोंड मिटून बसायचं, हा नानायचा नेम.

प्रश्न ठरलेला. नेस्तोर कधी येणार?

नेस्तोर तिचा एकुलता एक मुलगा, लुमिंगचा नवरा, जहाजावरचा खलाशी. हा संग्रह त्यानेच बंदराबंदरांतून आईला धाडलेला. जेनोवाचा सोनेरी कडांचा, लिस्बनचा हातभर लांब पानांचा, हांबुर्गचा देवदूतांचा, ज्यात वाईट पानच नाही. प्रत्येक कॅट निळ्या दोऱ्याने बांधलेला यायचा, आणि दोऱ्याला नेस्तोरची ती तिपेडी गाठ. लुमिंगला ती कधी जमली नाही. एकदा सोडली, की मागून तिची साधी गाठच बसायची.

चार वर्षांपूर्वी नेस्तोरचा सोबती काद्यो आला आणि लुमिंगला चर्चच्या मागे घेऊन गेला. “वहिनी, वादळात नेस्तोर पाण्यात गेला. सापडला नाही.” कंपनीचा कागद? तसल्या बिननोंदणीच्या जहाजांना कागद कसले.

लुमिंगने ते गिळलं. आंधळ्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हापासून दर पवित्र गुरुवारी, कुठलंही पान निघो, सांगायचा शुभ सूर्यच.

शेजारच्या चौकात प्रभूच्या दुःखाचं गायन सकाळपासून अखंड चाललं होतं. लुमिंग पहाटे दोन तास गाऊन आली होती. आई क्रुसाखाली उभी आहे, हे कडवं आलं आणि तिचा आवाज बसला तो बसलाच. आता हातही जड झाले होते. पान उचलायचं म्हणजे धोंडा उचलल्यासारखं.

त्यात सेल्सो. चर्चच्या दाराशी मेणबत्त्या विकणारा, शांत, पन्नाशीचा. रविवारच्या बोटीने तो कायमचा आपल्या गावी, दुमागेतेला चालला होता. खरी गोष्ट लुमिंगने त्याला एकट्यालाच सांगितली होती.

“आपल्याकडे घटस्फोट नाही, लग्न मरणच सोडवतं,” तो काल म्हणाला. “तुझं सुटलंय. चल माझ्याबरोबर. कोंबडा आरवायच्या आत पेत्रानेसुद्धा प्रभूला तीनदाच नाकारलं होतं गं. तुझे तीन नकार झाले.”

“म्हातारीला सांगितल्याशिवाय कशी येऊ?”

“मग सांग. कोंबडा आरवायच्या आत.”

“झोपलीस का?” नानायने तिला कोपराने ढोसलं. “किती राहिले?”

“चार. एकूण अकरा.”

“बारा.”

“अकराच आहेत, नानाय. दरवर्षी मीच मोजते.”

“बरं बाई, अकरा. तुझे डोळे, तुझा हिशोब.”

उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. जानेवारीच्या जत्रेला काद्योने आणलेला. ईस्टरला फोडू म्हणून नानायने कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यावर ती बोटांनी ताल धरून होती.

आठवा, नववा, दहावा. सूर्य, सूर्य, सूर्य.

अकरावा मार्सेयचा, जाड्याभरड्या रंगांचा. लुमिंगने पान उलटलं. सांगाडा कोयत्याने शेत कापत होता, आणि शेतात माणसांची डोकी उगवली होती. बाकी सगळ्या पानांखाली नावं होती, याच्याखाली नव्हतं.

सूर्य म्हणायला तिने तोंड उघडलं. मग पान फडक्यावर उताणं ठेवलं.

“सूर्यच ना?” नानायने हलकेच विचारलं.

“नाही,” लुमिंग म्हणाली. “मरण. नानाय, नेस्तोर गेला. चार वर्षं झाली. काद्योने मला तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून या प्रश्नाला मी एकदाही खरं पान सांगितलं नाही.”

चौकातलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. नानायचा चेहरा जराही हलला नाही.

“मग चार वर्षं इथं काय करत बसलीस?”

“तुम्हाला पानं कोण सांगणार होतं? आणि तुम्हाला टाकून कुठे जाणार होते?”

नानायने कपाळावर हात मारून घेतला. “अगं वेडे! तू एकदा तरी खरं बोलशील म्हणून दरवर्षी तोच प्रश्न विचारत राहिले मी. आणि तुझा आपला सूर्य!”

मग तिने चाचपडत डबा पुढे सरकवला.

“बारावा सोड.”

लुमिंगने झाकण काढलं. आत बिस्किटं नव्हती. कोरा करकरीत कॅट होता, निळ्या दोऱ्याने बांधलेला, आणि दोऱ्याला तिपेडी गाठ. कुणी न सोडलेली. खाली एक फोटो होता. अंगाने सुटलेला नेस्तोर हसत होता. शेजारी एक परकी बाई, आणि त्याच्या कडेवर दोनेक वर्षांची पोर.

“नेस्तोर बुडाला असं सांगायला काद्योला मीच पढवून पाठवलं होतं,” नानाय म्हणाली. “टाकलेली बायको जन्मभर वाट बघत बसते. विधवा तरी उठून जाईल, असं वाटलं होतं मला.”