वांग्यातली सळई

उन्हाळ्याच्या सुट्टीत नवागामच्या आमच्या गच्चीवर भरीत पार्टी होते. वांगी भाजायचा मान थोरली सून म्हणून कायम माझा. देठ दाबून मी म्हणायचे, "झालं," की झालं.

यंदा सासूबाई म्हणाल्या, "भरीत उज्ज्वलाच करी."

उज्ज्वला माझी धाकटी जाऊ. दिरानं तिला निखाऱ्यांना आपोआप वारा घालणारी शेगडी आणून दिली होती, आणि सोबत एक सळई. ती वांग्यात खुपसली की आतली उष्णता मोबाइलवर दिसते म्हणे. सगळं घर माझ्याकडे पाठ करून त्या मोबाइलभोवती जमलं होतं.

आकडा अठ्ठ्याण्णववर थांबला होता. वांग्याची साल काळी पडून फुटली, तरी हलेना. दुसरं वांगं घेतलं, तरी अठ्ठ्याण्णवच.

"ताप नसलेल्या माणसाएवढा!" दीर हसला. उज्ज्वलानं सळई काढून बाजूला ठेवली.

मी ती हळूच उचलली आणि सरबताच्या बर्फाच्या डब्यात खुपसली. म्हटलं, होऊ दे हिची फजिती.

मोबाइलवर आकडा उतरू लागला. पंच्याण्णव. नव्वद. सगळे हसत होते.

निखाऱ्यांसमोर उभ्या उज्ज्वलानं दंड चोळले. तिचे ओठ निळसर पडले होते.

"ताई, मला कसंतरीच गार वाटतंय. शाल आणता का?"

मी आधी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग शाल आणायला उठले.