पाहुण्यासाठी झाडलेलं अंगण

हत्तीने वाकेशो आजीची मक्याची कणगी फोडली असा निरोप आला, तसा अभयारण्याचा वनरक्षक म्वादिमे पंचनाम्याला निघाला. या आठवड्यातला हा पाचवा पंचनामा. उन्हातून पायपीट करत तो पोचला तेव्हा कणगी आडवी पडली होती, आत मूठभरही मका उरला नव्हता. आजी बिनदुधाचा चहा घेऊन दारात उभी होती.

म्वादिमेने टेप काढली, कॅमेरा काढला आणि जमिनीकडे बघतच राहिला. अंगण लख्ख होतं. लाल मातीवर केरसुणीच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या.

"आजी, हत्तीची पावलं कुठायत?"

"झाडली. साहेब येणार म्हटल्यावर घाणीत बसवू होय तुला?"

"आणि लीद?"

"तीही मीच उचलली. कंबरेचा काटा ढिला झाला पार."

तो मटकन खाली बसला. पाहुणा यायच्या आधी अंगण न झाडणारी बाई या गावात त्याने पाहिलीच नव्हती. त्याची आईसुद्धा हेच करते.

"ठशाचा फोटो नसला तर भरपाई देत नाहीत, आजी."

"मग ही कणगी काय मी मोडली? तू डोळ्यांनी बघतोयस ना?"

"मी बघतोय. ऑफिसला ठसा लागतो."

आजीने चहा त्याच्या हातात दिला.

म्वादिमेने उगाचच पुन्हा एकदा सगळं अंगण नजरेखालून घातलं. ठसे होते. त्याच्याच बुटांचे, कुंपणापासून थेट रिकाम्या कणगीपर्यंत.