दारावरची हाक

“काल ती परत आली होती,” टेलरमास्तर म्हणाले, “आणि मी जागचा हललो नाही!”

ड्रायव्हरकाकांनी मांडीवर थाप मारली. “वा मास्तर! गड जिंकलात की!”

दवाखान्याच्या माडीवरच्या त्या खोलीत दर आठवड्याला खुर्च्यांचा गोल भरायचा. आजार सगळ्यांना एकच, नसलेले आवाज ऐकू येण्याचा; तऱ्हा मात्र निरनिराळ्या. ड्रायव्हरकाकांना गाडीतला बंद रेडिओ हुकूम सोडायचा. कोपऱ्यातल्या काकूंना काय होतं, देव जाणे. त्यांनी आजवर तोंडच उघडलं नव्हतं. हा गट चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी एक रीत घालून दिली होती. काही ऐकू आलं की मोठ्याने विचारायचं, “ऐकलं का कोणी?” ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी हात वर करायचा. एकही हात वर झाला नाही, तर तो आवाज आजाराचा. मास्तरांनी कितीदा विचारलं असेल! सगळ्यांचे हात मांडीवरच राहायचे.

मास्तरांना ऐकू यायची ती त्यांची धाकटी बहीण. “दादा, दार उघड ना.” खरी बहीण केव्हाच तुटली होती. तू माझ्या जेवणात काहीतरी कालवतेस, असा आळ मास्तरांनी आजाराच्या भरात तिच्यावर घेतला होता आणि भरलं ताट तिच्या पायाशी फेकलं होतं. ती रडत गेली ती गेलीच. पुढे मास्तरांनी खोली बदलली, तर नव्या दाराबाहेरूनही तिच्या हाका सुरू! मास्तर हातातली पँट टाकून धावायचे, कडी काढायचे, आणि समोर नुसता जिना. शेजारी हसायचे. हसोत बापडे. दिवसातून एकदा का होईना, कुणीतरी आपल्याला दादा म्हणतंय, हे काय थोडं होतं?

नेमकं तेच सोडायचं होतं. कितीतरी महिने मास्तर अडून बसले. “मॅडम, बाकी सगळं आजार म्हणा, पण तिला नका म्हणू.” शेवटी मागच्या आठवड्यात मान खाली घालून ते म्हणाले होते, “माझ्या दारात कोणी येत नाही.” केवढ्या टाळ्या पडल्या! त्या टाळ्या घेऊन मास्तर घरी गेले, एकट्यापुरता स्वयंपाक केला आणि ताटावर बसून पोटभर रडले.

“काल नेमकं काय झालं, मास्तर?” मॅडमनी विचारलं.

“संध्याकाळी मशीनवर बसलो होतो. दार वाजलं. ‘दादा, दार उघड ना.’ म्हटलं, आलीस का बाई? राहा बाहेरच. पण काल आजाराने कमाल केली हो! आवाज घोगरा, दमलेला. म्हणाली, ‘जिने चढून गुडघे गेले रे माझे.’ इतकं उठावंसं वाटलं! पण ऐकलं का कोणी, हे विचारायला घरात आहे कोण? मग मशीन सुरू केलं. कापड नाही, दोरा नाही, नुसतंच दामटत बसलो. पाय भरून आले तेव्हा थांबलो. बाहेर सामसूम.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर हसले, पण डोळे पुसावेच लागले. “आणि लबाडी बघा. जाता जाता म्हणते कशी, ‘तुझ्या मॅडमनीच पत्ता दिला ना मला!’”

“घ्या! आता मॅडमनाही ओढलं का त्यात?” ड्रायव्हरकाका खो खो हसले.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. टाळी वाजवता वाजवता त्यांचे हात तसेच थांबले होते. बहिणीला शोधून पत्ता त्यांनीच दिला होता. ती आलीच नाही तर मास्तरांचा जीव तुटेल, म्हणून त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं.

“मास्तर, माझी चूक झाली,” एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मधल्या स्टुलावर ठेवला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. पलीकडे कुणीतरी उचलला.

“ताई, तुमचे दादा इथे समोर बसलेत.”

मग घोगरा, दमलेला आवाज आला. “दादा? ऐकतोयस ना रे?”

मास्तर पांढरेफटक पडले. त्यांनी फोनकडे बघितलंच नाही. शिकवल्याप्रमाणे ते गोलाकडे वळले.

“ऐकलं... ऐकलं का कोणी?”

ड्रायव्हरकाकांचा हात वर गेला. मग मॅडमचा. मग एकेक करत सगळ्यांचे. कोपऱ्यातल्या काकूंनीही हात वर केला आणि काही केल्या खाली घेईनात.

सगळ्यात शेवटी, हळूच, मास्तरांनी आपला हात वर केला.