उष्टं ताट

"कॅमेऱ्यासमोरचं ताट कुठे गेलं?" विभाने विचारलं. सिनेमाची दिग्दर्शकही तीच, नायिकाही तीच. सिनेमातला नवरा जेवताजेवता छातीत कळ येऊन गेलेला. त्याच्या अर्धवट ताटाशी बसून तिला रडायचं होतं.

"घासून टाकलं," शूटिंगला घर देणाऱ्या शेवंताकाकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "उष्टं असं दिवसभर ठेवतात होय?"

विभा वैतागली, पण कुतूहल गप्प बसू देईना. "काकू, काका गेले तेव्हा काय केलंत?"

"त्यांचंही ताट असंच राहिलेलं. माणसं जमायच्या आधी घासलं. अर्धी भाकरी तेवढी टाकवेना." काकूंचा आवाज खाली आला. "मी खाल्ली."

विभाने ग्लिसरीनची बाटली बाजूला ठेवली, ताट पुन्हा वाढून घेतलं. "कॅमेरा चालू," म्हणाली, आणि अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला.